मोटारीचें स्नान

मालवणच्या किनाऱ्यावर मोटार बाळगणें म्हणजे खाऱ्या वाऱ्याशीं वैर पत्करणें होय. समुद्राचा क्षार आणि जांभ्याची तांबडी धूळ तिच्यावर नित्य बसते. गेल्या वैशाखांत मीं ती कोरड्या फडक्यानें पुसली. कणांनीं उमटलेले ओरखडे माझ्या घाईची साक्ष आजही देतात.

म्हणून क्रम सांगतों. मोटार सावलींत, थंड झाल्यावर धुवावी. प्रथम गोड्या पाण्यानें धूळ वाहूं द्यावी. मचूळ विहिरीचें पाणी नको. तें वाळलें कीं पांढरे डाग राहतात. तळाचा भाग विसरूं नये, कारण गंज तेथें लपून वाढतो. मग एका बादलींत मोटारीच्या साबणाचें पाणी व दुसरींत फडकें विसळण्याचें पाणी घेऊन वरून खालीं हलक्या हातानें धुवावें. कपड्यांचा सोडा वर्ज्य. कोरडी झाल्यावर मेणाचा पातळ हात द्यावा. कावळ्याची विष्ठा दिसतांच भिजवून काढावी.

कांचा शेवटीं, आंतूनही, पुसाव्या. त्या धुरकट असल्या कीं रात्रीं फोंडाघाटांत समोरच्या दिव्यांनीं डोळे दिपतात आणि कडेनें चालणारा माणूस दिसत नाहीं. घाट चढण्यापूर्वीं चिरंजिवांस एवढें अवश्य सांगावें.