रेफरचे अर्थशास्त्र

‘रेफर’ हा इंग्रजी शब्द चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत आता कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. रक्ताची उलटी झालेला मनुष्य ग्रामीण रुग्णालयात येतो, त्याला सलाईन लावले जाते, चिठ्ठी लिहिली जाते आणि गाडी जिल्ह्याच्या गावाकडे निघते. तेथून अनेकदा दुसरी चिठ्ठी, आणि मग नागपूर. गडचिरोलीपासून नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. सिरोंचापासून गडचिरोलीच दोनशेच्या घरात. पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागड जगापासून तुटते ते वेगळेच. अन्ननलिकेतील फुगलेली शीर फुटली असता बारा तासांच्या आत पोटात दुर्बीण घालून ती शीर रबरी कड्याने बांधावी, असे यकृतरोगतज्ज्ञांचे जगन्मान्य मत आहे. आमच्याकडे या बारा तासांतील बहुतेक वेळ रस्त्यावरच सरतो.

आपल्यातील काही साथींना हा विषय चैनीचा वाटेल. जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नाही, तेथे एंडोस्कोपीच्या गोष्टी कशाला, असे ते विचारतील. हा आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु त्याच्या मुळाशी एक घातक गृहीत आहे: गरिबाचे रोग साधे असतात आणि श्रीमंताचे गुंतागुंतीचे. वस्तुस्थिती उलट आहे. सिकलसेल हा या दोन जिल्ह्यांतील गोंड, माडिया आणि दलित घरांचा जुना आजार आहे. त्यात तांबड्या पेशी अकाली फुटतात, पित्ताशयात रंगद्रव्याचे खडे धरतात, खडा पित्तनलिकेत उतरला की कावीळ होते, आणि तो काढण्यास दुर्बीणच लागते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 साली आली आणि 2021 साली सरकारनेच उठवली. बंदी असो वा नसो, दारूने कठीण झालेली यकृते आणि त्यामुळे फुगलेल्या शिरा समाजात आहेतच. खर्रा तर शाळकरी मुलांच्या खिशात सापडतो. तंबाखू आणि सुपारीचा हा लगदा तोंडाचा कर्करोग देतो हे सर्वांना ठाऊक आहे, पण तो अन्ननलिकेलाही सोडत नाही. घास अडकू लागलेल्या माणसाच्या अन्ननलिकेत वेळीच कोणी पाहिले नाही, तर पुढे शस्त्रक्रियेलाही काही उरत नाही.

सरकारकडे यावर दोन उत्तरे तयार आहेत. पहिले उत्तर विम्याचे. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. दुसरे उत्तर इमारतीचे. चंद्रपूरला 2015 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये एकाच दिवशी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा महाविद्यालयांत गडचिरोलीचेही होते. या दोन्ही गोष्टींचे स्वागतच आहे. पण योजना पैसे देते ते झालेल्या उपचाराचे. उपचार करणारा हात घडविण्याचे नव्हे. आणि महाविद्यालय जो पदवीधर देते, त्याच्या हाती दुर्बीण येण्याची वाट फार लांब आहे: साडेपाच वर्षांची पदवी, तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, त्यावर तीन वर्षांची डी.एम. साडेअकरा वर्षे आणि तीन प्रवेशपरीक्षा पार केलेला मनुष्य एटापल्लीला येईल, ही कल्पना करणाऱ्याने बाजारपेठ पाहिलेली नाही.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, म्हणून मला या व्यवहाराचा दुसरा भाग अधिक अस्वस्थ करतो. दुर्बिणीचे कौशल्य पुस्तकाने येत नाही; देखरेखीखाली केलेल्या तपासण्यांच्या संख्येने येते. केवळ जठरापर्यंतच्या तपासणीसाठी ब्रिटनमध्ये हा किमान आकडा दीर्घकाळ 200 होता. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संघटनेने 130 धरला. म्हणजे रुग्ण हाच येथे पाठ असतो. मग रेफर होणारा प्रत्येक रुग्ण जाताना आपल्याबरोबर एक धडाही घेऊन जातो. जिल्ह्यात शिकण्यास रुग्ण नाहीत म्हणून डॉक्टर शिकत नाही, आणि शिकलेला डॉक्टर नाही म्हणून रुग्ण जातो. विमा योजना या चक्राला वंगण घालते, कारण तिचा पैसा रुग्णाच्या मागोमाग नागपूरच्या रुग्णालयांकडे वाहतो. तेथेही तो शिकवण्याकडे वळत नाही. शिकाऊ डॉक्टरला हाती नळी दिली की दहा मिनिटांची तपासणी अर्धा तास चालते. ठराविक दराने पैसे घेणाऱ्या खासगी रुग्णालयाने तो अर्धा तास का द्यावा? शिकलेला मनुष्य तर उद्या दुसरीकडे जाणार. प्रशिक्षण ही सार्वजनिक वस्तू आहे. बाजार ती पुरेशी कधीच निर्माण करीत नाही.

जी पोकळी राहते ती यंत्रे विकणारे भरून काढतात. पोटाच्या दुर्बिणींचा जागतिक बाजार प्रामुख्याने तीन जपानी कंपन्यांच्या हातात आहे. पंचतारांकित हॉटेलात मोठ्या पडद्यावर थेट प्रात्यक्षिके आणि दोन दिवसांच्या कार्यशाळा भरतात, त्यांमागे बहुधा यंत्रविक्रीचे हित असते. दोन दिवसांत यंत्राची ओळख होते. हात तयार होत नाही.

तज्ज्ञमंडळी म्हणतील की जिल्ह्याच्या साध्या फिजिशियनच्या हाती दुर्बीण दिली तर अन्ननलिकेला भोक पडेल, दर्जा घसरेल. धोका खरा आहे. पण दर्जा पदवीने येतो की प्रशिक्षणाने, याचे उत्तर ब्रिटनने स्वतःच्या खर्चाने देऊन ठेवले आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या तेथील पाहणीत मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत दुर्बीण निश्चित पोहोचल्याचे प्रमाण कठोर निकषाने जेमतेम 57 टक्के भरले, आणि पहिल्या शंभर तपासण्या देखरेखीखाली केलेले डॉक्टर अवघे 17 टक्के निघाले. पदव्या सर्वांकडे होत्या! मग त्यांनी प्रशिक्षण केंद्रे बांधली, नोंदवह्या सक्तीच्या केल्या, आणि 2011 च्या पाहणीत हेच प्रमाण 90 टक्क्यांच्या वर गेले. तेथे 1990 च्या दशकापासून प्रशिक्षित परिचारिकाही दुर्बीण चालवतात. जागतिक जठरांत्ररोग संघटनेने आपले पहिले प्रशिक्षण केंद्र 2001 साली काढले ते लंडनला नव्हे, जोहान्सबर्गच्या सोवेटोत, म्हणजे वर्णद्वेषी राजवटीने काळ्या कामगारांसाठी आखलेल्या वस्तीत. शिकणाऱ्याला युरोपात बोलावण्याऐवजी शिक्षकाने आफ्रिकेत जावे, हा त्यामागचा विचार.

आणि सोवेटोपर्यंत तरी कशाला जावे? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या 39 खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची शुश्रूषा आणि जंतुसंसर्गावर इंजेक्शन देणे शिकवले. तेथे नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे ‘लॅन्सेट’ने 1999 साली छापले. इंजेक्शन आणि दुर्बीण एक नव्हे, हे मला मान्य आहे. आरोग्यदूताच्या हाती नळी द्या, असे मी म्हणत नाही. पण कौशल्याचे टप्पे पाडून, देखरेख ठेवून, ते गरज असलेल्या ठिकाणीच शिकवता येते, हे याच मातीत सिद्ध झाले आहे. ते मान्य करण्यास वैद्यकीय प्रस्थापितांना किती वर्षे लागली, हेही आपण विसरू नये.

मागणी अगदी मर्यादित आहे. दोन्ही शासकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आठवड्याचे ठरलेले दिवस नागपूरच्या शासकीय संस्थांतील शिक्षकांनी येऊन बसावे. जिल्ह्यातील एम.डी. आणि एम.एस. डॉक्टरांना त्या दिवशी इतर कामातून मोकळे करून, वर्ष-दोन वर्षांत दोनशे तपासण्यांची नोंदवही पूर्ण होईपर्यंत शिकवावे. आरंभी केवळ अन्ननलिका आणि जठर, त्यानंतर शिरा बांधणे. पित्तनलिकेचे अवघड काम सध्या नागपुरातच राहू द्यावे. परिचारिकाही त्याच वर्गात हव्यात, कारण दुर्बिणीचे निम्मे काम ती धुऊन निर्जंतुक करण्याचे असते, आणि त्यात हयगय झाली तर एकाचा रोग दुसऱ्याला जातो. विमा योजनेच्या दरात शिकवण्याच्या वेळेचा वाटा वेगळा दाखवावा.

पैसा नाही असे कोणी म्हणू नये. चंद्रपूरचा कोळसा आणि सुरजागडचे लोहखनिज दररोज जिल्ह्याबाहेर जाते. 2015 च्या खाण कायद्यातील दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान निर्माण झाले. त्याच्या निधीतून खाणबाधितांच्या आरोग्यावर अग्रक्रमाने खर्च व्हावा असे नियमच सांगतात. हा निधी प्रवेशद्वारांवर आणि सभागृहांवर उडतो की माणसे घडवण्यावर लागतो, हे पाहणे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. 1984 साली दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला, तेव्हापासून आपण खाटा आणि इमारतींच्या हिशेबात अडकलो आहोत. हातांचा अनुशेष कोणी मांडलाच नाही.

तेव्हा दोन्ही जिल्ह्यांतील शाखांनी माहितीच्या अधिकारात पहिला अर्ज एवढाच करावा: गेल्या आर्थिक वर्षात पोटाच्या दुर्बिणीसाठी या जिल्ह्यातून किती रुग्ण बाहेर पाठवले, त्यांतील किती पोहोचले, आणि त्यांच्यापोटी योजनेचे किती रुपये कोणत्या रुग्णालयाला मिळाले.