गव्हाला ताप आलाय का?

परवा निफाडजवळ मामांच्या मळ्यात गेलो होतो. गहू नुकता ओंबीवर आलेला. मावसभाऊ कृषी महाविद्यालयात शिकतो. त्याने पिस्तुलासारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर काढून गव्हावर रोखला. मामा म्हणाले, "गव्हाला ताप आलाय का रे?" सगळे खो खो हसले. भाऊ चिडून म्हणाला, "बघा मामा, थोड्या वर्षांनी उतारा कळायला काटा लागणारच नाही!"

मला दोघांशीही भांडायचंय. तिथे जमलं नाही, म्हणून इथे. :)

आधी मामा. (मामी वाचून दाखवतीलच.) मामा, तुम्ही दर वर्षी भरदार ओंब्या बघून बियाणं बाजूला काढता, तेव्हा एकरी उतारा मोजता का? नाही. ओंबीवरून अंदाज बांधता. म्हणजे तुम्हीही उताऱ्याचा अप्रत्यक्ष निर्देशकच वापरता, आणि तोही फसवा. कडेचं ऐसपैस वाढलेलं झाड डोळ्यांत भरतं, पण दाटीत तसंच झाड शेजाऱ्यांचं ऊन-पाणी ओढतं. चांगल्या गव्हाचं झाड भांडखोर नसावं, हे ऑस्ट्रेलियातल्या डोनाल्ड यांनी १९६८ सालीच मांडलं होतं.

शिवाय पैदासकाराची अडचण बघा. संकरानंतर पहिल्या काही पिढ्यांत त्याच्याकडे शेकडो नमुने असतात, पण प्रत्येकाचं बी मूठभर. तोलणार काय? मग तो दुसरी खूण शोधतो. पानांवरची रंध्रं उघडी असली की पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि पान गार राहतं. त्याच दारातून कार्बन डायऑक्साइड आत येतो. पीक गार, म्हणजे मुळं पाणी पुरवताहेत आणि पानांचं काम चालू आहे. थर्मामीटरला हे काही सेकंदांत कळतं.

हे हवेतलं नाही. मेक्सिकोच्या सिमिट संस्थेचे १९६२ ते १९८८ या काळातले आठ वाण ओबरेगॉनच्या बागायती शेतात लावून तपासले गेले. निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले. नव्या वाणांत रंध्रांतून होणारी वायूंची ये-जा सुमारे ६३ टक्क्यांनी वाढली होती आणि पीक ०.६ अंश सेल्सिअसने गार झालं होतं. ते वाण कुणी थर्मामीटर लावून निवडले नव्हते. उतारा निवडता निवडता गारवा मागोमाग आला.

आता तू, बाबा. फार उड्या मारू नकोस. वाण आठच होते, आणि दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली असं होत नाही.

ऑस्ट्रेलियात तर उलटंच घडलं. फार्कहार आणि रिचर्ड्स यांनी १९८४ मध्ये दाखवलं की गव्हातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून त्याने पाणी किती काटकसरीने वापरलं ते कळतं. त्या खुणेवरून सीएसआयआरओ संस्थेने ड्रायस्डेल (२००२) आणि रीस (२००३) हे वाण काढले. म्हणजे तिथे निवड झाली जपून पाणी पिणाऱ्या गव्हाची! कारण कोरडवाहू रानात पीक जमिनीत साठलेल्या ओलीवर जगतं. सुरुवातीलाच सगळी ओल पिऊन टाकणारा गहू दाणा भरायच्या वेळी तहानलेला राहतो.

ओबरेगॉनला रंध्रं उघडी ठेवणारा जिंकला, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या रानात हात राखून खर्च करणारा. तेव्हा मामांच्या बागायत गव्हावर आलेला आकडा जिरायत काळ्या रानातल्या बन्सीला लावू नकोस. ढग आले, वारा सुटला किंवा आदल्या दिवशी पाणी दिलं, तरी तुझा आकडा बदलतो. हे तुला मास्तरांनी सांगितलं असेलच. पण आकडा हातात आला की माणूस विसरतो.

राग येतो तो याच विसरण्याचा. निर्देशक चुकला तर संशोधकाचा एखादा निबंध वाया जातो. पिशवी विकत घेणाऱ्या शेतकऱ्याचा अख्खा रब्बी जातो.

माझं म्हणणं एवढंच, की थर्मामीटरने चाळावं आणि काट्याने ठरवावं. चाळणीला हसणारे मामा चुकतात, आणि चाळणीलाच काटा समजणारा भाऊही.

असो. सोंगणीला मी येतोय. भावाने ज्या वाफ्यांवर थर्मामीटर रोखला, त्यांना खुंट्या मारून ठेवा. ते वेगळे मळू, वेगळे तोलू. मग कोण हसतं ते बघू!