जमिनीचे मूळ विचारावे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. नदीस व ऋषीस ती लागू असेल. जमिनीस ती मुळीच लागू नाही. जमिनीचे मूळ ज्याने विचारले नाही त्याचे द्रव्य व श्रम व्यर्थ जाण्याचा संभव फार असतो. हे तत्त्व पुस्तकी वाटू नये म्हणून आमच्या पाबळ येथे घडलेली एक लहानशी हकीकत प्रथम सांगतो.

आमच्या भावकीतील एका होतकरू तरुणाने माळावरील आपल्या दोन एकर तांबूस पोयट्यात भुईमूग करण्याचे योजिले. तांबड्या पोयट्याच्या जमिनी आम्लधर्मी असतात, त्यांस चुना द्यावा, असे त्याने कोठेसे वाचले होते. वाचलेले खोटे नव्हते. ते दुसऱ्या जमिनीविषयीचे होते, एवढेच. त्याने पदरमोड करून चुना आणिला व पेरणीपूर्वी शेतात पसरला. रोपे महिन्याची होतात न होतात तोच कोवळी पाने पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. पुढे हिराकशीच्या फवारण्या कराव्या लागल्या, तरी शेंगा निम्म्याशिम्म्याच भरल्या. तो मजकडे येऊन म्हणाला, "तात्या, माती तांबडी, हाताला पोयट्यासारखी लागते, पुस्तकातही तेच लिहिलेले, मग चुकले कोठे?" मी महसूल खात्यात जन्मभर कारकुनी केलेला मनुष्य. जमिनीची प्रत मला पाठ होती. परंतु त्याच्या प्रश्नाचे उत्तर प्रतीत नव्हते. ते शोधू लागल्यावर जे ध्यानात आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम पोयटा म्हणजे काय ते पाहू. ज्या मातीत वाळू, गाळ व चिकणमाती हे तीनही कण बेताच्या प्रमाणात असतात तीस पोयटा म्हणतात. शंभर भागांत सुमारे ४० भाग वाळू, ४० भाग गाळ व २० भाग चिकणमाती हे त्याचे नमुनेदार प्रमाण होय. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहून लहान असतो. पाणी व अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे काम मुख्यतः तोच करतो. यावरून दिसेल की पोयटा हे कणांच्या मिश्रणाचे नाव आहे. ते कण कोणत्या खडकाचे, हे त्या नावावरून कळत नाही.

आता वालुकाश्माच्या पोयट्याकडे वळू. महाराष्ट्राचे सुमारे पाचांतील चार भाग क्षेत्र काळ्या बेसाल्टाखाली आहे. परंतु पूर्वेस वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या कोळशाच्या मुलखात, त्याहून फार प्राचीन असा वालुकाश्म आढळतो. त्यांतील एका थरास नागपूरजवळील कामठीवरून कामठी वालुकाश्म असे नाव पडले आहे. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण सिलिका, लोह, चुना किंवा चिकणमाती यांच्या लेपाने चिकटून झालेला दगड. ऊन, पाऊस व मुळे यांच्या योगाने तो लेप सुटला की दगड विरून पुन्हा वाळू होते. लेप निव्वळ सिलिकेचा असेल तर हाती रेताडच येते. पण लेपात चिकणमाती असली, किंवा वाळूबरोबर फेल्डस्पार नावाचे खनिज असले, किंवा मधून मधून शेलचे थर असले, तर त्यापासून वाळूसर पोयटा व क्वचित चांगला पोयटा तयार होतो. लोहाच्या लेपामुळे त्यास पिवळा अथवा तांबडा रंग येतो.

या जमिनीचे गुण असे. ती नांगरास हलकी, पावसानंतर लवकर वाफशावर येणारी, हवा खेळती ठेवणारी व पाणी झटकन जिरविणारी असते. कंदमुळांस व भुईमुगास तिची भुसभुशीत घडण मानवते. तिचे दोषही तसेच ठळक आहेत. तीतील वाळू बहुतांशी गारेची, म्हणजे क्वार्ट्झची. ती हजार वर्षे शेतात राहिली तरी पिकास काही देणार नाही. तीतील चिकणमाती पुष्कळदा केओलिनाइट जातीची असते. अन्नद्रव्ये धरण्याची तिची शक्ती शंभर ग्रॅमांस ३ ते १५ मिलिइक्विव्हॅलंट इतकीच; उलट काळ्या जमिनीतील स्मेक्टाइट जातीची तीच शक्ती ८० ते १२० पर्यंत जाते. त्यामुळे वालुकाश्माच्या जमिनीत दिलेले नत्र पावसाबरोबर खाली वाहून जाते, चुना व पालाश धुपून जातात, आणि चांगल्या पावसाच्या मुलखात ती आम्लधर्मी बनते. अशा जमिनीस चुना हे औषध होय. आमच्या तरुणाने वाचले होते ते हेच.

आता आमच्या माळाकडे पाहावे. शिरूर तालुक्याचा हा वेळ नदीच्या खोऱ्यातील भाग पर्जन्यछायेचा आहे, आणि खालचा खडक सर्वत्र बेसाल्ट. बेसाल्टात क्वार्ट्झ जवळजवळ नसतेच. चुना, मॅग्नेशियम व लोह यांनी युक्त अशी खनिजे मात्र विपुल असतात. तो कुजून प्रथम मुरूम व पुढे माती होते. पाऊस थोडा असल्याने सुटलेला चुना वाहून न जाता मातीतच राहतो. म्हणून येथील जमिनी बहुधा अल्कधर्मी असतात आणि ठिकठिकाणी चुनखडीचे खडे सापडतात. माळावरच्या मातीचा रंग तांबूस असला तरी तो कुजलेल्या बेसाल्टातील लोहाचा आहे. तीत हाताला लागणारी खर वाळूसारखी वाटते; परंतु ती कुजत चाललेल्या मुरमाची असून दरसाल थोडी थोडी विरून मातीत भर घालीत असते. म्हणजे वालुकाश्माची वाळू मेलेली, तर आमची खर अद्याप जिवंत. अशा चुनखडीच्या जमिनीत आणखी चुना घातल्यास आधीच दुर्मिळ झालेले लोह पिकास मिळेनासे होते व पाने पिवळी पडतात. भुईमुगास कॅल्शियम लागते हे खरे. पण आमच्याकडे ते जिप्समाने द्यावे, चुन्याने नव्हे.

येथे वाचक विचारतील की सरकारी प्रतबंदीत हा भेद का दिसू नये? त्याचे उत्तर प्रतबंदीच्या हेतूत आहे. पुणे जिल्ह्यात प्रिंगल यांची आधीची पाहणी फसल्यावर १८३६ साली इंदापुरापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पद्धत घातली, आणि डेव्हिडसन यांच्यासह केलेल्या १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. त्यांनी जमिनीच्या तीन जाती मानल्या: पहिली बारीक पोताची, काळी ते गडद तपकिरी, दुसरी त्याहून जाड पोताची व बहुधा तांबडी, तिसरी खडेमिश्रित किंवा सुटी, भुरी. मग खड्डा खणून खोली हातांत मोजावयाची. पावणेदोन हात खोल पहिल्या जातीची जमीन सोळा आण्यांची. तेथून खोली घटेल तशी चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन व दोन आणे अशी नवव्या वर्गापर्यंत उतरण. याशिवाय चुनखड, वाळूची मिसळ, उतार, मातीचा विसविशीतपणा, पाणी न जिरणे, पुराने धुपणे व पाणी साचणे हे सात दोष. दर दोषास एक वर्ग खाली.

या नियमाने वालुकाश्माचा तांबडा पोयटा पाऊण हात खोल असेल तर तो दुसऱ्या जातीचा, सहावा वर्ग, सहा आणे. वाळूच्या दोषामुळे सातवा वर्ग, साडेचार आणे. आमच्या माळाचा तांबूस पोयटा तितकाच खोल असेल तर तोही दुसऱ्या जातीचा, सहा आणे; उताराच्या दोषामुळे साडेचार आणे. दोन्ही जमिनी एकाच प्रतीच्या ठरल्या! एकीस चुना औषध व दुसरीस विष, हे त्या साडेचार आण्यांत कोठेच लिहिलेले नाही. चंद्रपूरकडे, म्हणजे तेव्हाच्या मध्यप्रांतात, आकारणीची पद्धत निराळी होती. तेथे कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशी लोकांच्या तोंडची नावे घेऊन शेताची स्थितीही जमेस धरीत. तरी हेतू आकारणीचाच. प्रतबंदी करणाऱ्यांस मी दोष देत नाही. सारा किती बसवावा एवढेच त्यांस ठरवावयाचे होते, आणि ते काम त्यांनी प्रामाणिकपणे, दर शेतात खड्डा खणून केले.

सरकारने २०१५ साली जमीन आरोग्य पत्रिकेची योजना काढली. तीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन अशा बारा गोष्टी येतात. हा मोठाच लाभ होय. परंतु त्या बारांत जमिनीची खोली नाही, पोत नाही, व खालचा खडकही नाही. शिवाय आरंभीच्या नियमाप्रमाणे बागायतीत अडीच हेक्टरांस व जिरायतीत दहा हेक्टरांस एक नमुना घ्यावयाचा होता. आमच्या शिवारात दहा हेक्टरांत माथ्यावर बरड, मधे तांबूस पोयटा व ओढ्याकाठी काळी अशा तीन जमिनी सहज येतात. आमच्या तरुणाच्या घरी पत्रिका होती, पण ती शेजारच्या काळ्या रानातील नमुन्याची. काळीचा सामू आपल्या तांबडीस कशाला लागू होईल, असे समजून त्याने ती बाजूस ठेविली. त्याचे हे समजणे अडाणीपणाचे नव्हते. दोन्ही माती एकाच बेसाल्टाच्या पोटच्या आहेत व म्हणून दोहोंत चुना आहे, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की जुनी प्रत व नवी पत्रिका ही एकमेकींस जोडल्यावाचून शेतकऱ्याच्या पूर्ण उपयोगाची नाहीत. जुनीजवळ खड्डा आहे, पण रसायन नाही. नवीजवळ रसायन आहे, पण खड्डा नाही. आणि खडकाचे नाव दोहींजवळ नाही. दर पत्रिकेवर खोली, पोत, उतार व खालचा खडक असे चार रकाने वाढवावेत, अशी मागणी आपल्या मंडळाने करावी. यास नवे यंत्र लागत नाही. कुदळ, फावडे व अर्धा दिवस पुरे.

मागणी मान्य होईपर्यंत स्वस्थ बसण्याचेही कारण नाही. दरेकाने आपल्या शेतात माती पालटते तेथे तेथे दोन हात खोल खड्डा घ्यावा आणि मुरूम किती हातांवर लागला ते लिहून ठेवावे. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी व चिमूटभर धुण्याचा सोडा घालून ती चांगली हलवावी: वाळू मिनिटाभरात बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत असते. थर मोजले की पोत कळला. मग तळची खर धुऊन घ्यावी. ती दगडाखाली दाबता भुगा झाली तर मुरमाची. पारदर्शक असून काचेवर ओरखडा काढीत असेल तर गारेची. शेवटी कोरड्या मातीवर सौम्य आम्लाचे चार थेंब टाकावेत; फेस आला तर चुना आहे, त्या शेतात चुन्याचे पोते नेऊ नये.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशास? खतांचे प्रमाण तर सर्वत्र छापील मिळते. त्यांस एकच उदाहरण देतो. डॉ. हॅरल्ड मान व कानिटकर यांनी आमच्या शेजारच्या जातेगाव बुद्रुक गावाची पाहणी करून १९२१ साली ती प्रसिद्ध केली. जिरायत गावची शेती समजण्यासाठी त्यांनी दूरच्या पुस्तकांवर भिस्त न ठेवता त्याच गावची जमीन, शेते व कुटुंबे तपासली. कानिटकरांनी पुढे कोरडवाहू शेतीवर जे काम केले त्याच्या मुळाशी हीच दृष्टी होती. छापील प्रमाण हे सरासरीचे असते, आणि सरासरीच्या शेतात कोणीच पेरीत नाही.

आमचा तरुण यंदा त्याच दोन एकरांत पुन्हा भुईमूग करणार आहे. शेणखत व जिप्सम घालून, चुन्यावाचून. पेरणीपूर्वी त्याने तीन खड्डे घेतले, आणि प्रत्येकाची खोली व खराचा प्रकार त्या जुन्या पत्रिकेच्या पाठीमागे शाईने लिहून ठेविला आहे. आमच्या गावी तरी प्रत व पत्रिका प्रथमच एका कागदावर आली. ती सर्व शिवारांत यावी, एवढीच इच्छा प्रदर्शित करून हा लेख पुरा करतो.