मुद्दल, व्याज आणि किलोमीटर



बँकेतील सेवेच्या अखेरच्या काही वर्षांत वाहनकर्जाचा अर्ज घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक ग्राहक एक प्रश्न हमखास विचारीत असे : "साहेब, पेट्रोलची घ्यावी की डिझेलची?" निवृत्तीनंतरही हा प्रश्न मागे राहिलेला नाही, उलट सीएनजी आणि विजेवरील मोटारींमुळे तो अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. उत्तर देण्यापूर्वी गेल्या पंधरा वर्षांचा जमाखर्च एकदा मांडून पाहणे इष्ट ठरेल. व्यापारी घरांनी ध्यानात ठेवावा असा एक धडा त्यात आहे.

आपल्या वडील-आजोबांच्या काळी हा प्रश्न फारसा उद्‌भवतच नसे. माल वाहणारे वाहन डिझेलचे आणि घरची गाडी पेट्रोलची, अशी सरळ वाटणी होती. नगरच्या फिरोदिया घराण्यातील नवलमलजींनी उभ्या केलेल्या बजाज टेंपोची मॅटाडोर डिझेलवर माल वाहत असे, आणि त्याच घराण्याच्या कायनेटिकची लुना पेट्रोलवर घरोघरी धावत असे. १९९८च्या अखेरीस टाटांची इंडिका आली आणि डिझेलवर चालणारी छोटी मोटार मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आली. तरीही नव्या मोटारींचा मोठा ओघ डिझेलकडे वळला तो त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, आणि त्याचे कारण सरकारी धोरणात होते.

जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलची किंमत नियंत्रणमुक्त केली. डिझेलची मात्र आपल्या हाती ठेवली. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, मालट्रक आणि एसटी यांचा खर्च वाढला की बाजारातील प्रत्येक वस्तू महागते, हा त्यामागील विचार होता. परिणामी दोन्ही इंधनांच्या भावांतील अंतर वाढत गेले. मे २०१२च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपये, तर डिझेल ४१ रुपये होते. महाराष्ट्रात करांमुळे दोन्ही आकडे अधिक होते, पण अंतर तसेच मोठे होते.

लिटरमागे ३२ रुपयांचा फरक पाहून कोणाचे मन चळणार नाही? २०१२-१३ या वर्षी देशात खपलेल्या नव्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. नगरहून पुण्याला जाताना लागणाऱ्या रांजणगावच्या फियाट कारखान्यात तेराशे सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन तयार होत असे. ते टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये बसे, आणि त्याच रचनेचे इंजिन मारुतीच्या स्विफ्ट व डिझायरमध्ये असे. मारुतीला स्वतःची इंजिने पुरेनात, म्हणून जानेवारी २०१२ मध्ये तिने फियाटकडून वर्षाला एक लाखापर्यंत इंजिने घेण्याचा करार केला. ग्राहक कित्येक महिने प्रतीक्षा यादीत थांबत होते.

आता त्या काळचा हिशेब मांडू. डिझेल मोटार त्याच नमुन्याच्या पेट्रोल मोटारीपेक्षा १,१०,००० रुपयांनी महाग धरू. पेट्रोल मोटार लिटरला १५ आणि डिझेल मोटार २० किलोमीटर चालते असे समजू. ७३ आणि ४१ रुपये भावाने पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ४ रुपये ८७ पैसे, डिझेलचा २ रुपये ५ पैसे. म्हणजे बचत २ रुपये ८२ पैशांची. या बचतीतून जादा किंमत वसूल व्हायला सुमारे ३९,००० किलोमीटर धावावे लागते.

बहुतेक घरांत हिशेब येथेच थांबत असे. परंतु मोटार कर्जावर घेतलेली असे. १,१०,००० रुपयांवर ११ टक्क्यांनी पाच वर्षांचे व्याज साधारण ३३,५०० रुपये होते. ते मिळवले की वसुलीचा टप्पा ५१,००० किलोमीटरवर जातो. जामखेड, पाथर्डी, शेवगाव, नेवासे असा वसुलीसाठी फिरणारा व्यापारी महिन्याला २,००० किलोमीटर धावत असेल, तर हा टप्पा तो सव्वादोन वर्षांत गाठतो. त्याचा निर्णय योग्यच होता. पण ज्या घरची मोटार कापडबाजारातील दुकान, मुलांची शिकवणी, अधूनमधून पुण्याची फेरी आणि चातुर्मासात दर्शनाचा प्रवास एवढीच फिरते, तिचे महिन्याचे ८०० किलोमीटर धरले तर त्या कुटुंबाला पाच वर्षे चार महिने लागतात. कर्ज फिटते, तरी जादा मोजलेले पैसे परत आलेले नसतात.

हेही भाव तसेच राहिले तर. ते राहिले नाहीत. जानेवारी २०१३ पासून तेल कंपन्यांना डिझेल दरमहा थोडेथोडे, सुमारे पन्नास पैशांनी, वाढवण्याची मुभा मिळाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये दिल्लीत पेट्रोल साडेछप्पन्न आणि डिझेल ४६ रुपयांवर आले. बत्तीस रुपयांचे अंतर साडेदहावर आले. वरच्याच मोटारींचा हिशेब या भावाने केला तर किलोमीटरमागे बचत १ रुपया ४७ पैसे उरते, आणि वसुलीचा टप्पा सुमारे ९८,००० किलोमीटरवर जातो. महिना ८०० किलोमीटर फिरणाऱ्या घराला त्यासाठी दहा वर्षांहून अधिक काळ लागेल.

डिझेल इंजिन मुळात कमी इंधनात अधिक अंतर तोडते, हा गुण त्याचा स्वतःचा. भावातील बत्तीस रुपयांचे अंतर मात्र त्याचे स्वतःचे नव्हते. त्यातील मोठा भार सरकार आणि तेल कंपन्या उचलत होत्या. दुसऱ्याने दिलेली सवलत आपण आपल्या वहीत कायमची मालमत्ता म्हणून लिहिली. व्यापारात पुरवठादाराने सणापुरता दिलेला कटमिती दर धरून आपण वर्षभराचा नफा काढीत नाही. मोटार घेताना नेमके तेच केले गेले.

पुढे एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषण-मानके लागू झाली. ती पाळण्यासाठी डिझेल मोटारीत काजळी अडवणारी गाळणी आणि अन्य यंत्रणा बसवावी लागली व तिची किंमत आणखी वाढली. ही गाळणी स्वच्छ राहण्यासाठी मोटार अधूनमधून बराच वेळ वेगात चालावी लागते. केवळ गावातल्या गावात फिरणाऱ्या मोटारीत ती तुंबते आणि खर्च काढते. त्याच महिन्यापासून मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत ठरतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच, म्हणजे आपल्याकडे डिझेलची लाट ऐन भरात असताना, जाहीर केला होता. पैशांच्या हिशेबात न येणारी ही बाजूही विसरता येत नाही.

आज मोटार घेणाऱ्यांनी काय करावे? महाराष्ट्रात वैयक्तिक डिझेल मोटारीवरील वाहनकर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी अधिक आहे, तो किमतीत धरावा. मोटार पेढीच्या नावावर घेतली तरी तिच्यावरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. आयकरात घसारा १५ टक्के मिळतो, पण घरगुती वापराचा भाग त्यातून वजा होतो. 'सगळे खर्चात टाकू' या भरवशावर महाग मोटार घेऊ नये. मोटारीत गुंतलेला जादा लाख रुपया दुकानाच्या फिरत्या भांडवलातून गेलेला असतो. दुकानात तो वर्षातून किती वेळा फिरला असता, हे आपल्याइतके कोण जाणतो?

विजेच्या मोटारीवर आज केवळ ५ टक्के जीएसटी आहे. तीही धोरणाने दिलेली सवलत आहे. तिचा लाभ अवश्य घ्यावा; पण खरेदीच्या दिवशी एकदाच हाती पडणारी सवलत आणि पुढील दहा वर्षे टिकेल असे आपण गृहीत धरलेले इंधनाचे भाव यांत भेद करावा. पहिली जमेस धरावी. दुसऱ्यासाठी हिशेब दोनदा करावा : एकदा आजच्या भावाने आणि एकदा भावांतील अंतर निम्म्यावर आले असे समजून. दुसऱ्या हिशेबातही जी मोटार परवडते, ती निर्धास्त घ्यावी.

या सगळ्याचा पाया एकच आकडा आहे, आणि तो विक्रेत्याकडे नसतो, शेजाऱ्याकडेही नसतो. येत्या एक तारखेला आपल्या सध्याच्या मोटारीच्या मीटरवरील आकडा रोजकीर्दीच्या कोपऱ्यात टिपून ठेवावा. सहा महिने प्रत्येक एक तारखेला तसाच टिपत जावा. घरातील तरुणांना वाटते तितके किलोमीटर बहुधा भरणार नाहीत. जे भरतील त्यांवरच इंधन ठरवावे.