जुनी जीप : आधी चासी, मग इंजिन

जुनी जीप नवी करून घेण्याचा विचार निघाला की बोलणे पहिल्यापासून इंजिनाचेच सुरू होते. बोअर करावयाचे की नुसत्या रिंगा बदलावयाच्या, पेट्रोल ठेवावयाचे की डिझेल बसवावयाचे, ह्यांवर चार माणसे चार मते देतात. गाडीखाली वाकून चासीकडे मात्र कोणी पाहत नाही. आमच्या मते हा क्रम उलटा आहे, आणि शेतकऱ्याचा पैसा वाया जातो तो मुख्यतः ह्या उलट्या क्रमामुळे.

जीप आणि शेतीविस्ताराचे कार्य ह्यांचे नाते जुने आहे. १९४७ साली विलीज कंपनीच्या ७५ जीपगाड्या सुट्या भागांच्या रूपाने भारतात आल्या. १९४९ मध्ये मुंबईत माझगाव येथे जोडणी सुरू झाली, व १९५४ पासून महिंद्र कंपनीने विलीजच्या सहकार्याने सुटे भाग टप्प्याटप्प्याने येथेच बनविण्यास आरंभ केला. पुढे उपनगरातील कांदिवली हे ठिकाण जीप व ट्रॅक्टर ह्या दोहोंसाठी ओळखले जाऊ लागले. दि. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा गटविकास अधिकाऱ्यास जीप मिळाली. ग्रामसेवकाच्या वाट्यास सायकल आली, ही गोष्ट निराळी. त्या जीपगाड्या जुन्या झाल्यावर लिलावात निघत आणि पुष्कळदा शेतकऱ्याच्याच अंगणात येऊन उभ्या राहत.

आता तो मार्ग बंद झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात येते, आणि अशी वाहने नोंदणीकृत भंगार केंद्राकडेच द्यावी लागतात. तेव्हा ज्याच्या दारी जुनी जीप आहे त्याला तिच्या जागी तशीच दुसरी स्वस्तात मिळण्याची आशा नाही. म्हणूनच ती दुरुस्त करावी की नाही, ह्याचा निर्णय पूर्वीपेक्षा अधिक विचाराने घ्यावयास हवा.

ह्या निर्णयाची किल्ली चासीत आहे. इंजिन कितीही झिजलेले असले तरी ते पुन्हा माप्यात आणता येते; गंजाने खाल्लेले लोखंड परत येत नाही. गोराई-मनोरीचा खारा वारा किंवा मुलुंड-भांडुपकडील मिठागरांचा पट्टा ज्या गाडीने सोसला आहे, तिची चासी बाहेरून रंगविलेली व आतून पोकळ असण्याचा संभव फार. बांधलेल्या तोंडाच्या भागात चिखल व पाणी साचते आणि तेथूनच गंज सुरू होतो. अणकुचीदार हातोडीने सर्व बाजूंनी ठोकून पाहावे. निरोगी लोखंड खणखणते, खाल्लेले बद्द वाजते. पुढील पाटे जेथे टांगलेले असतात ती जागा, स्टिअरिंग बॉक्सची बैठक, आडव्या पट्ट्यांचे सांधे आणि ओढण्याचा हूक असलेली मागची आडपट्टी ह्या ठिकाणी तडे शोधावेत. रॉकेलने पुसून वर खडू फासला असता तड्यातील तेल खडूवर उमटते, व डोळ्यांस न दिसलेली भेग दिसू लागते.

चासी वाकली आहे काय, हे पाहण्यास मोठ्या यंत्राची गरज नाही. गवंड्याचा ओळंबा, खडू व टेप एवढे पुरे. वरची बॉडी उतरवून चासी सपाट फरशीवर घ्यावी. दोन्ही बाजूंच्या सारख्याच छिद्रांतून ओळंबा सोडून फरशीवर खुणा कराव्यात, चासी बाजूस ढकलावी आणि खुणांचे कर्ण मोजावेत. दोन कर्णांत दोन सुतांहून अधिक फरक आला तर चासी तिरकी झाली आहे असे समजावे. पुढच्या व मागच्या आसांतील अंतर जुन्या सीजे-३बी जीपमध्ये ८० इंच असते. ते उजवीकडे व डावीकडे सारखेच भरले पाहिजे. अशी तिरकी गाडी एका बाजूस ओढते व टायर खाते. नव्या इंजिनाने तिला वेग तेवढा अधिक मिळतो. ह्यात कोणाचे हित आहे?

तडा लहान असेल तर त्याच्या टोकाशी छिद्र पाडून तो पुढे जाण्याचे थांबवावे, भेग खोदून झाळावी आणि मग निमुळत्या टोकांची पट्टी लावावी. गंजावर पट्टी झाळणे हे निव्वळ झाकणे होय. दोन सूचना विसरू नयेत. ह्या जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. ती संपूर्ण काढून दूर नेल्यावाचून झाळकाम करू देऊ नये. दुसरी गोष्ट, चासीवर ठोकलेला क्रमांक घासला जाता कामा नये. तो पुसला गेला की चांगली गाडीही कागदोपत्री संशयित ठरते.

चासी मुळातच गेलेली असेल तर गाडी भंगार केंद्रास द्यावी, असे आम्ही स्पष्टपणे सांगू. आजोबांची गाडी म्हणून तिच्यावर पैसा ओतणे समजण्यासारखे आहे. परंतु त्या पैशात मळणी यंत्र येते.

चासी शाबूत निघाली तर इंजिनाकडे वळावे, तेही न खोलता. प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजावा. दाब कमी आल्यास प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर दोष रिंगांचा वा सिलिंडरचा. न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. एवढ्या चाचणीने अनेकदा अर्धे काम वाचते. सीजे-३बीच्या ‘हरिकेन’ इंजिनात सिलिंडरचा व्यास ३ इंच १ सूत व पिस्टनची धाव ४ इंच ३ सूत असते. सिलिंडर वरून खाली किंवा आडवा-उभा पाच हजारांश इंचाहून अधिक झिजला असेल तर नुसत्या रिंगा घालण्यात अर्थ नाही, बोअरच केले पाहिजे. आधी पिस्टन हातात घ्यावा व त्याच्या मापाने बोअर करावे; उलट केल्यास पिस्टनसाठी कुर्ल्याचा बाजार पालथा घालावा लागतो. बेअरिंगची टोपी घासून ढिलाई काढण्याची जुनी युक्ती कोणी सुचविली तर ती नाकारावी.

ह्या इंजिनाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, तर धूर सोडणारे खाली ब्लॉकच्या बाजूस असतात. हेड उतरवून वरचे चार घासले म्हणजे काम संपले असे नाही; अधिक तापतात ते खालचे. इंजिन थंड असताना वरच्यांची फट १८ व खालच्यांची १६ हजारांश इंच ठेवावी.

इंधनही आता ते राहिले नाही. २००० सालापासून देशात शिसेविरहित पेट्रोल आले, तर २०२५ पर्यंत त्यात इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. ते इथेनॉल काही अंशी आपल्याच उसाचे आहे, तेव्हा तक्रार कोणाकडे करावयाची? मात्र इथेनॉल हवेतील ओलावा ओढते व जुन्या जातीचे रबर सुजविते. म्हणून पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या व कार्बोरेटरची रबरे इथेनॉल सोसणारी घ्यावीत, आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून वाळवून ठेवावी.

ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसविण्याची हौस आम्हांस मान्य नाही. कारखान्याने स्वतः १९७९ मध्ये प्यूजो कंपनीशी करार करून डिझेल इंजिने घेतली. तशी गाडी असेल तर तिच्या नोंदीतच डिझेल असते. पेट्रोल जीपवर मिस्त्रीने चढविलेले जड इंजिन पुढचे पाटे व गिअरपेटी ह्यांवर न झेपणारा भार टाकते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा बदलाच्या आड येते, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडतो. त्याच जातीचे दुसरे इंजिन बसवावयाचे असले तरी आधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी व नवा क्रमांक नोंदवून घ्यावा. पश्चिम उपनगरांस अंधेरी व बोरिवली, तर घाटकोपर-मुलुंडकरांस वडाळा हे कार्यालय आहे. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील अशा गाड्यांच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्कही वाढले आहे. ते चासी तपासण्यापूर्वीच हिशेबात धरावे.

काम पूर्ण झाल्यावर गाडी मिस्त्रीकडून घेताना पहिल्या दिवशी घाट चढवून दाखविण्याचा आग्रह धरू नये. पहिले ८०० किलोमीटर अर्ध्या भाराने व मध्यम वेगाने चालवावी, मग इंजिनातील तेल बदलावे, आणि त्याच वेळी झाळलेल्या प्रत्येक सांध्यावर पुन्हा एकदा रॉकेल व खडू फिरवून पाहावा.