टाकीतील पाकटाचे नाव कोणी ठरवायचे?

काळ्या पाठीवर पांढरे ठिपके दिसले की ‘लिओपोल्डाय’. तपकिरी पाठीवर काळ्या कडेची नारिंगी वलये दिसली की ‘मोटोरो’. गोड्या पाण्यातील पाकटांची ओळख शोभिवंत माशांच्या बाजारात बहुधा एवढ्यावरच उरकली जाते. विक्रेता नाव सांगतो, ग्राहक ते स्वीकारतो आणि पुढे तेच नाव सरकारी नोंदीत उतरते. या प्रवासात कोठेही परीक्षण होत नाही. अंदाजाला ओळखीचा दर्जा देणारी ही पद्धत विज्ञानाला मान्य होण्याजोगी नाही.

हे पाकट दक्षिण अमेरिकेतील नद्यांचे. त्यांच्या पोटॅमोट्रायगॉन या वंशात रंग हा अत्यंत बेभरवशाचा पुरावा ठरतो. १८४१ मध्ये वर्णन झालेल्या मोटोरोच्या ठिपक्यांचा आकार, संख्या आणि रंग नदीगणिक बदलतो. ब्राझीलच्या शिंगू खोऱ्यातील लिओपोल्डाय आणि तोकांतिन्स खोऱ्यातील हेनलाय हे दोन्ही पाकट गडद पाठीचे व फिकट ठिपक्यांचे. म्हणूनच वर्गीकरणतज्ज्ञ दातांच्या ओळी, शेपटीवरील काटे, शरीराची प्रमाणे आणि मूळ नदी यांचा एकत्रित विचार करतात. पाठीच्या एका छायाचित्रात यांतील बहुतेक गोष्टी दिसतच नाहीत. बाजार विज्ञानाच्या किती पुढे धावतो, याचा दाखला पेरूतील ‘टायगर’ पाकट देतो. तो व्यापारात आधीपासून विकला जात होता. त्याला ‘टायग्रिना’ हे शास्त्रीय नाव मिळाले २०११ मध्ये.

त्यात संकराची भर पडते. टाकीत जन्मलेल्या अनेक पाकटांचे आईबाप वेगवेगळ्या प्रजातींचे असतात. ‘डीएनए तपासा, प्रश्न मिटेल’ असे म्हणणाऱ्यांनी येथे थांबून विचार करावा. प्रचलित डीएनए बारकोड मायटोकॉन्ड्रियातील जनुकावर आधारलेला असतो आणि ते जनुक केवळ आईकडून येते. संकरित पिल्लाचा बारकोड आईची प्रजाती सांगेल. बापाविषयी तो मौन पाळील. अज्ञात राशी दोन असताना एकाच समीकरणावरून उत्तर काढण्याचा हा प्रकार आहे.

नावाने एवढे काय बिघडते, असा प्रश्न विचारला जातो. बिघडते ते कायद्यापाशी. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील साइट्स परिषदेने लिओपोल्डाय व हेनलाय यांसह ७ प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात घातल्या. त्यांतील काही तर केवळ इतरांसारख्या दिसतात म्हणून. आंतरराष्ट्रीय कराराने स्वतःच दिलेली ही कबुली आहे की डोळ्यांवर विसंबता येत नाही. मोटोरो मात्र या सातांत नाही. त्यामुळे चुकीचे ‘मोटोरो’ हे नाव शिंगूतून पकडलेल्या प्राण्यालाही सौम्य नियमांचा आडोसा देऊ शकते. आणि त्याच शिंगूवर आज बेलो मोंते धरणाचा भार आहे.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून सुधारित वन्यजीव संरक्षण कायदा लागू झाला आणि साइट्समधील प्रजातींसाठी चौथी अनुसूची आली. २०२४ च्या नियमांनी पाळलेल्या अशा प्राण्यांची नोंदणी ‘परिवेश’ संकेतस्थळावर आणली. पाऊल स्वागतार्हच, परंतु बाजारू नावांनी भरलेली नोंदवही रिकाम्या नोंदवहीपेक्षा अधिक घातक असते. रिकामी वही निदान अज्ञान लपवीत नाही.

काटेकोरपणाने हौशी पालक घाबरतील आणि नोंदच करणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. त्यावरचा उपाय मात्र खोटी निश्चिती हा नव्हे. ‘पोटॅमोट्रायगॉन, प्रजाती अनिश्चित’ अशी नोंद प्रतिष्ठेने स्वीकारली जावी. ‘संकरित’ हा स्वतंत्र पर्याय असावा. खरेदीचा दस्तऐवज, आईबापांची माहिती आणि पाठ, पोट व शेपटी यांची छायाचित्रे सोबत असावीत. शंकास्पद प्राण्यांसाठी केंद्रक जनुकांची तपासणी व्हावी. अभ्यासकांनीही केवळ छायाचित्र पाहून प्रजाती जाहीर करण्याचा मोह आवरावा.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत त्रुटीची मर्यादा न लिहिता मापन नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जातात. जीवजातींच्या राष्ट्रीय नोंदवहीला त्याहून सैल नियम लावण्याचे काहीच कारण नाही.