दाबोळी ते मोपा ३३ मिनिटं? हा आकडा येतो कुठून

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळी, कोड जीओआय. आणि पेडणे तालुक्यातला मोपा, कोड जीओएक्स, जिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. तिकीट शोधताना नुसतं ‘गोवा’ टाकलं की दोन्हीकडच्या फ्लाइट्स एकाच यादीत दिसू शकतात. मग मोपाला उतरायचं आणि पुढची फ्लाइट दाबोळीहून, असं स्वस्तातलं कॉम्बिनेशन सापडलं की माणूस साहजिकच दोन्हींमधलं अंतर शोधतो.

अंतर सांगणाऱ्या साइट्स सहसा दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन हॅवरसाइन सूत्राने पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वांत कमी अंतर काढतात. इतक्या जवळच्या जागांसाठी सूत्रही नको, कागदावर होतं. दाबोळीचा अक्षांश १५.३८, मोपाचा १५.७४. एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी, म्हणून ०.३६ अंशाचे ४० किमी. रेखांशातला फरक जेमतेम ३ किमीचा, तो सोडून दिला तरी उत्तर बदलत नाही.

इथवर सगळं बरोबर. गडबड पुढे आहे. बरेच कॅल्क्युलेटर हे अंतर ताशी ८०० किमीच्या आसपासच्या वेगाने भागतात आणि टेक-ऑफ, लँडिंगसाठी सरसकट अर्धा तास मिळवतात. ३ अधिक ३०, झाली ३३ मिनिटं! मुंबई-दिल्लीला हा जुगाड खपून जातो. इथे मात्र ज्या मार्गावर नियमित प्रवासी विमानच नाही, त्याचाही ‘फ्लाइट टाइम’ मिळतो, कारण असा मार्ग आहे का, हे प्रोग्राम तपासतच नाही.

प्रत्यक्षात रस्ता ६० किमीच्या पुढे जातो. वाटेत झुआरी, मांडवी आणि कोलवाळला शापोरा, अशा तीन नद्या. नव्या पुलांनी फरक पडलाय, तरी दीड तास धराच. डिसेंबरअखेरीस त्याहून जास्त. शिवाय दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर पहिली फ्लाइट लेट झाली म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही. बॅग घ्या, परत चेक-इन करा. मी तरी मध्ये पाच तासांपेक्षा कमी ठेवणार नाही.

गंमत म्हणजे सरकारी धोरणही हवाई अंतरच मोजतं. २००८ च्या ग्रीनफील्ड विमानतळ धोरणानुसार, चालू विमानतळापासून १५० किमीच्या आत नवा हवा असेल तर जुन्यावरचा परिणाम तपासून केंद्राची खास मंजुरी लागते. मोपा दाबोळीपासून ४० किमी, आणि ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या सिंधुदुर्गातल्या चिपीपासून साधारण ४६. आता कुडाळचा प्रवासी बघा. नकाशावर चिपी त्याला मोपाच्या निम्म्या अंतरावर आहे. पण चिपीहून मोजकीच विमानं, मोपाहून दिवसभर. हव्या त्या वेळेला फ्लाइट नसेल तर जवळचा विमानतळ काय कामाचा? तो मुंबई-गोवा हायवे धरतो आणि मोपा गाठतो. फ्लाइटची वाट बघण्यातला हा वेळ बऱ्याचदा प्रवासातला सर्वांत मोठा आकडा असतो, आणि अंतराच्या कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये त्याला रकाना नाही.

तेव्हा पैसे भरण्याआधी तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघा. आणि मॅप्समध्ये रस्त्याचा वेळ आत्ताचा नको, तुम्ही उतरणार त्या दिवसाचा आणि त्या तासाचा टाकून काढा.